नॅसचा डबा आणला म्हणजे बॅकअप झाला असं नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरगुती नॅसवर (म्हणजे राउटरला जोडून घरातल्या सगळ्यांना वापरता येतो तो डिस्कचा डबा) लेख आला तो वाचला. मराठी पेपरात या विषयावर कोणीतरी लिहिलं याचंच आधी बरं वाटलं, नाहीतर आमच्या धंद्यातलं जे काही छापून येतं ते मोबाईलच्या कॅमेऱ्यापुरतंच असतं. डबा राउटरला कसा जोडायचा, घरातल्या सगळ्यांचे फोटो एका जागी कसे येतात हे सगळं लेखात नीट सांगितलंय. पण एकूण सूर असा आहे की दोन डिस्कवाला डबा घेतला, दोन्हीवर सारखाच डेटा जातोय, आता काळजी मिटली. तिथं मी अडलो, कारण मी सांगली-मिरजेत हीच कामं करतो, हार्डवेअर, नेटवर्किंग, सीसीटीव्ही, आणि असं काहीतरी वाचून (हल्ली यूट्यूब बघूनच जास्त) डबा घेतलेल्यांच्या घरी पुढं काय होतं ते मला बघायला मिळतं.

काय होतं सांगतो. डबा येतो, कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसायला लागतो, एवढी रिकामी जागा बघून माणूस खूश होतो आणि पहिलं काम काय, तर डी ड्राइव्हवरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, मुलांची सर्टिफिकेटं सगळं सिलेक्ट करून कट मारतो आणि तिकडं पेस्ट. कॉपी नाही, कट. कॉम्प्युटर हलका झाला म्हणून घरचे पण खूश. पण आधी डेटा एका ठिकाणी होता तो आताही एकाच ठिकाणी आहे, फक्त ठिकाण बदललं. ज्यांच्याकडं आधी बॅकअप नव्हता त्यांच्याकडं आजही नाही, उलट आता त्यांना वाटतंय की आहे, म्हणून ते पेन ड्राइव्हवर अधूनमधून जी एक कॉपी मारायचे ती पण बंद.

यात लोकांची चूक मी मानत नाही. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली, तेव्हापासून १५ जीबीत फोटो, मेल, ड्राइव्ह सगळं बसवायचं म्हटल्यावर सगळ्यांची जागेचीच मारामार आहे, आणि विकणारा पण जागाच विकतो. किती टीबी पाहिजे एवढंच दुकानात विचारतात. तुमच्या डेटाच्या कॉपी किती आणि कुठं कुठं आहेत हे विचारणारा दुकानदार मी तरी अजून बघितला नाही.

आता ते दोन डिस्कचं. त्याला रेड म्हणतात, हे काही नवीन नाही, बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये त्यावर पेपर लिहिला होता, मुद्दा असा की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त छोट्या डिस्क एकत्र जोडून काम भागवायचं आणि त्यातली एखादी गेली तरी सिस्टीम बंद पडू द्यायची नाही. बंद पडू द्यायची नाही, एवढंच. घरातला दोन डिस्कचा डबा त्याचाच रेड वन प्रकार, जे पहिल्या डिस्कवर लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर. त्यामुळं पोरानं एखादं फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी गेलं, फाईल खराब सेव्ह झाली तर दोन्हीकडं खराब. गाडीतल्या स्टेपनीसारखं आहे ते, पंक्चर झालं तर पुढं जाता येतं पण गाडीच चोरीला गेली तर स्टेपनी पण गाडीबरोबरच जाते. डिस्क मरणं हा एक धोका झाला आणि रेड तेवढ्यालाच पुरतं. बाकीचे धोके जास्त आहेत.

त्यातला मोठा म्हणजे रॅन्समवेअर, फाईली लॉक करून सोडवायचे पैसे मागणारा व्हायरस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं तेव्हा सगळ्यांनी नाव ऐकलं, पण घरगुती माणसाला वाटतं हे बँका-हॉस्पिटलांचं आहे, आपल्याला कोण विचारतंय. असला व्हायरस विचारत नाही, कॉम्प्युटरवर जेवढे ड्राइव्ह दिसतात तेवढे लॉक करत सुटतो, सी झाला, डी झाला, मग झेड. तुमचा तो झेड त्याच्या दृष्टीनं अजून एक ड्राइव्ह. म्हणजे बॅकअप म्हणून जो डबा घेतला तोच कॉम्प्युटरबरोबर लॉक. पायरेटेड सॉफ्टवेअर टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करा असं त्याच वेबसाईटवर लिहिलेलं असतं आणि लोक खरंच करतात, त्यावर मी वेगळं काय लिहू.

आणि डबा स्वतःच इंटरनेटवर उघडा ठेवला तर व्हायरसला कॉम्प्युटरमधून यायची पण गरज नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या डब्यांवर क्यूलॉकर नावाचं रॅन्समवेअर आलं, त्यानं लोकांच्या फाईली पासवर्डवाल्या सेव्हन-झिपमध्ये कोंबल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितले. जानेवारी २०२२ मध्ये परत त्याच कंपनीच्या डब्यांवर डेडबोल्ट. सिनॉलॉजी या दुसऱ्या कंपनीचा डबा असलेल्यांनी हसायचं कारण नाही, त्यांच्यावर २०१४ लाच सिनोलॉकर येऊन गेलंय. सगळ्यात वाईट प्रकार मला जून २०२१ चा वाटतो, वेस्टर्न डिजिटलचं माय बुक लाईव्ह नावाचं जुनं मॉडेल होतं, त्याला २०१५ नंतर अपडेटच नव्हतं, आणि जगभरातले लोक एक दिवस उठून बघतात तर डबा फॅक्टरी रीसेट, आतलं सगळं साफ. पैसे मागायला पण कोणी नाही. यातल्या कित्येकांचा डेटा फक्त त्याच डब्यात होता, म्हणजे वर सांगितलेला कट-पेस्टचाच किस्सा, सांगली असो नाहीतर अमेरिका.

आपल्याकडं डबा उघडा पडायचं कारण बहुतेक वेळा मायेचंच असतं, मुलगा पुण्यात नाहीतर परदेशात, त्याला तिकडून नातवाच्या बारशाचे फोटो बघायचेत, मग कोणीतरी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (म्हणजे इंटरनेटवरून थेट डब्यापर्यंत वाट) करून देतो आणि ते तसंच राहतं वर्षानुवर्षं. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कमध्ये यायचा खाजगी, सुरक्षित रस्ता) लावा, टेलस्केलसारखं घरगुती वापराला फुकट आहे, किंवा कंपनीची स्वतःची लिंक सर्व्हिस असते ती वापरा, पण डब्याचं लॉगिन पान थेट इंटरनेटवर ठेवू नका, अ‍ॅडमिन नावाचं खातं बंद करा आणि अपडेट आलं की टाका.

मग करायचं काय, तर फार काही नाही. फाईल कॉम्प्युटरवर आहे तिथंच राहू द्यायची, तिची कॉपी डब्यात आपोआप गेली पाहिजे, आणि डब्यातल्या डेटाची अजून एक कॉपी घराबाहेर कुठंतरी. आपोआप हा शब्द महत्त्वाचा, दर रविवारी मी स्वतः कॉपी करीन म्हणणाऱ्यांचे रविवार मला माहिती आहेत. विंडोजमध्ये आपोआप कॉपी घेणारी फाईल हिस्टरी नावाची सोय २०१२ पासून आहे, विंडोज ११ मध्ये सेटिंगमध्ये सापडत नाही म्हणून लोकांना वाटतं काढून टाकली, पण जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये आहे अजून. नवीन विंडोज बॅकअप म्हणून जे सारखं पुढं पुढं करतं ते वनड्राइव्हवर पाठवतं आणि तिथं फुकट फक्त ५ जीबी. मॅकवाल्यांना तसलंच टाइम मशीन २००७ पासून आहे आणि ते नॅसवर चालतं, फक्त त्याला डब्यात जागेची मर्यादा घालून द्या नाहीतर ते हळूहळू सगळी जागा खाऊन टाकतं, दोष नाही तो, त्याची रीतच तशी आहे. याशिवाय डब्याबरोबर कंपनीचं स्वतःचं बॅकअप सॉफ्टवेअर पण येतं, ते चांगलं असतं बऱ्यापैकी.

बॅकअपसाठी डब्यावर वेगळा युजर करा आणि त्याचं फोल्डर झेड-बिड करून मॅप करू नका. आणि डब्यात स्नॅपशॉटची सोय असेल तर आजच चालू करा. स्नॅपशॉट म्हणजे डबा स्वतः ठरलेल्या वेळी आतल्या फाईलींची त्या क्षणाची अवस्था धरून ठेवतो, ती कॉम्प्युटरवरून बदलता येत नाही, डब्याच्या अ‍ॅडमिनमध्ये शिरल्याशिवाय नाही, म्हणजे व्हायरसनं झेड लॉक केला तरी कालचा स्नॅपशॉट शाबूत. सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये हे कधीकधी नसतं, तेव्हा टीबी विचारायच्या आधी हे विचारा. माझ्या मते एक डिस्क कमी घेतली तरी चालेल पण स्नॅपशॉटवाला डबा घ्यावा, यावर आमच्या लाईनीतले काहीजण भांडतील, भांडू देत.

आता केबलबद्दल, कारण यावर कोणीच लिहीत नाही आणि निम्म्या लोकांचा बॅकअप इथंच मरतो. घरात १ टीबी डेटा आहे समजा. डबा, राउटर, कॉम्प्युटर तिन्ही गिगाबिटवर (म्हणजे १००० एमबीपीएसवर) असतील तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं, पहिला बॅकअप अडीच-तीन तासात उरकतो. मधे कुठंही १०० एमबीपीएसची गाठ असेल तर हाच आकडा ११-१२ वर येतो आणि पूर्ण एक दिवस-रात्र लागतं. ही गाठ कुठं असते, तर ब्रॉडबँडवाल्यानं फुकट दिलेल्या राउटरचे पोर्ट बऱ्याचदा १०० चेच असतात, आणि दुसरं म्हणजे केबलवाल्या पोरांनी आठ तारांपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या असतात, चार तारांवर नेट चालतंय ना मग कशाला आठ लावायच्या. गिगाबिटला आठही तारा लागतात. डबा नवाकोरा, राउटर भारी, आणि मधली दीड फुटाची केबल कुणीतरी घाईत बनवलेली, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता घरात शिरल्यावर आधी जॅकच बघतो. वायफायवरून तर पहिला बॅकअप करूच नका, मधेच कोणीतरी लॅपटॉपचं झाकण लावतो, मशीन झोपतं, बॅकअप अर्धवट, आणि मग माणूस म्हणतो हे असलं काही चालत नाही आपल्याकडं. पहिल्यांदा केबल लावून रात्रभर चालू ठेवा, नंतर रोज फक्त बदललेल्या फाईली जातात, ते मग वायफायवर पण होतं. हजारो बारीक बारीक फाईली असतील तर एका मोठ्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा आकडा कमी दिसला म्हणून घाबरून कॅन्सल मारू नका.

लाइटचं सांगायला नको. वळवाच्या पावसात आमच्याकडं दिवसातून चारदा जाते-येते, आणि नेमकं लिहिणं चालू असताना गेली तर डबा उठल्यावर तासन्‌तास तपासणी करत बसतो, कधी उठतच नाही. छोटा यूपीएस लावा आणि त्याची यूएसबी वायर डब्याला जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत डबा स्वतःहून नीट बंद होतो. वायर खोक्यातच पडून असते बहुतेकांची. (यूपीएसमध्ये पाल मरून पडली म्हणून एक कॉल येतोच दर पावसाळ्यात.)

डिस्कचं थोडक्यात, ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते, कोणी फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी. पण सीएमआर आहे का एसएमआर ते नक्की विचारा, सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारी शेजारी असतात, एसएमआरमध्ये एकमेकांवर चढवलेले असतात त्यामुळं ती डिस्क बदलून परत भरताना फार रखडते, २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं नॅससाठीच्या रेड (म्हणजे लाल, वरचं रेड नव्हे) नावाच्या काही डिस्क एसएमआर आहेत हे लोकांनी शोधून काढल्यावर मान्य केलं, नंतर सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं.

घराबाहेरच्या कॉपीबद्दल मात्र मी सांगलीचा म्हणून जरा जास्त बोलणार. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभाग, हरभट रोड, मारुती रोड, शामरावनगर, लोकांनी २००५ ची खूण डोक्यात धरून सामान तेवढ्या उंचीवर चढवलं होतं आणि पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. परत २०२१ ला आलंच. त्या दिवसात माझ्याकडं चिखलानं भरलेल्या डिस्क किती आल्या विचारू नका, त्यातल्या काहींच्या मालकांकडं बॅकअप होता, रीतसर होता, एक्सटर्नल डिस्कवर होता, आणि ती एक्सटर्नल डिस्क त्याच टेबलाच्या त्याच ड्रॉवरमध्ये होती. मुंबईकरांना २६ जुलै आठवत असेल, चिपळूणवाल्यांना तर सांगायलाच नको. पुराचं सोडा, आग लागते, शॉर्ट होतं, चोर कॉम्प्युटरबरोबर बाजूचा चमकणारा डबा पण उचलतो. म्हणून डब्याला महिन्यातून एकदा यूएसबी डिस्क लावायची, त्यावर एनक्रिप्ट करून (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) कॉपी घ्यायची आणि ती डिस्क उंचावरच्या एरियातल्या नातेवाईकाकडं ठेवायची, आमच्यात गावभागातले लोक विश्रामबागला बहिणीकडं ठेवतात, महिन्यातून एकदा भेट पण होते त्या निमित्तानं. क्लाऊडवर ठेवली तरी चालेल पण अपलोडचा स्पीड आणि दर महिन्याचं बिल बघून ठरवा, माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना डिस्कच परवडते.

दोन गोष्टी खास आपल्या लोकांसाठी. एक, डीटीपीवाले. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात घरातून पत्रिका, अहवाल, मंडळांच्या स्मरणिका करणारे बरेच आहेत आणि त्यांचा जुना माल श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा फॉन्टमध्ये, पेजमेकरमध्ये आहे. हे युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतं ते) नाही. नुसत्या फाईलींचा बॅकअप घेतला आणि फॉन्ट घेतले नाहीत तर दहा वर्षांनी फाईल उघडेल, मजकूर म्हणून किडामिडी दिसेल. तेव्हा फॉन्ट फोल्डर, सॉफ्टवेअरचा सेटअप हे पण बॅकअपमध्ये टाका, सॉफ्टवेअर चालवायला लागणारं लॉक (डोंगल) असेल तर ते जपा, आणि संपलेल्या कामांची एकेक पीडीएफ करून ठेवा. दुसरे म्हणजे घरातून टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, बघणारे. टॅली उघडी असताना डेटा फोल्डर कॉपी केलं तर अर्धवट कॉपी होण्याचा धोका असतो आणि ते उघडायला गेल्यावरच कळतं, टॅलीच्या आत बॅकअपचा ऑप्शन आहे तो घेऊन मग ती फाईल डब्यात जाऊ द्या. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, डिस्क तेवढी जगेल असं कोणी लिहून देत नाही.

एक अजून, हल्ली याचे फोन फार येतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून लोक ११ वर गेले, आणि ११ प्रो ला २४एच२ अपडेट आल्यावर जुना डबा दिसेनासा झाला. डेटा गेलेला नसतो, नवीन विंडोज पासवर्ड नसलेलं गेस्ट लॉगिन घेत नाही आणि जोडणीला सायनिंग (येणाऱ्या-जाणाऱ्या डेटावर खरेपणाची सही) मागते, जुन्या डब्याला ते जमत नाही. डब्यावर नीट युजर-पासवर्ड करा, डब्याचं अपडेट टाका, बऱ्याचदा तेवढ्यानं होतं. यूट्यूबवर एसएमबी व्हर्जन वन (नेटवर्कवर फाईली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा म्हणून सांगतात ते करू नका, वॉनाक्राय त्याच दरवाज्यातून आलं होतं.

आता तुमच्याकडं मागणं. गॅजेटच्या लेखात कुठला डबा घ्यावा हे येतं, घेतल्यावर डेटा परत कसा काढायचा हे कधीच येत नाही, ते छापा. गिटलॅबसारखी सॉफ्टवेअर कंपनी, ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाच्या हातून चालू डेटाबेस उडाला, बघायला गेले तर बॅकअपचे एकूण पाच प्रकार आणि वेळेला कामाचा जवळपास एकही नाही, नशिबानं सहा तासांपूर्वी एकानं हातानं घेतलेली कॉपी होती त्यावर निभावलं. तिथं हे होतं तर आमच्याकडं हिरवा लाइट लागला म्हणून बॅकअप चालू आहे असं समजून बसलेल्यांचं काय. तीन महिन्यातून एकदा डब्यातून एक फाईल काढायची, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघायची, दहा मिनिटांचं काम आहे. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात, ज्यानं ठरवला त्यानं आपल्या सीएचं ऑफिस त्या दिवशी बघितलेलं दिसत नाही, तुम्ही आपलं मेमध्ये छापा, पावसाच्या आधी.

आणि त्यात हेही लिहा की एनक्रिप्शनचा पासवर्ड घरातल्या अजून एका माणसाला माहिती पाहिजे. घरातला ज्याला कॉम्प्युटर येतो तो एकटाच सगळं बसवतो आणि तो गेल्यावर बायको-मुलं डबा घेऊन आमच्याकडं येतात, वडलांचे फोटो आहेत म्हणतात, आणि आम्ही काही करू शकत नाही, खरोखर करू शकत नाही, एनक्रिप्शन म्हणजे तेच. कागदावर लिहून एलआयसीच्या पॉलिसीबरोबर ठेवा, मोबाईलच्या नोट्समध्ये नको.

पत्र लांबलंय, कापायचं तर डिस्कवालं कापा, केबलवालं कापू नका. आणि ज्यांना हा डबा परवडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, डबा बऱ्याचदा रिकामाच विकतात, डिस्कचे पैसे वेगळे पडतात, वर यूपीएस. साध्या दोन यूएसबी डिस्क घ्या, एक घरात, एक बाहेर, आलटून पालटून, कॉपी झाली की वायर काढून ठेवायची. कट-पेस्ट केलेल्या एकट्या डब्यापेक्षा ते कधीही बरं.

आपला,
हार्डवेअर-नेटवर्किंगची कामं करणारा एक वाचक, सांगली